फोडणीशिवायचे दिवस

आमच्या बिल्डिंगीत कुणाकडे काय शिजतंय हे कळायला दार वाजवावं लागत नसे. जिना चढताना नाकाला सगळं कळायचं. पहिल्या मजल्यावर लातूरकडच्या गायकवाडांची भाकरी आणि तव्यावरचा ठेचा, दुसऱ्यावर परबांकडचा बांगडा आणि त्यांच्यासमोर आमचं दार. आमच्या दारातून यायची ती फोडणी. आई साताऱ्याकडची. कांदा-लसणाचा मसाला माहेरून डबा भरून यायचा आणि शेंगदाण्याचं कूट घातल्याशिवाय तिच्या हातून भाजी खाली उतरायचीच नाही. आम्ही परळच्या एका खोलीतून वाशीला राहायला आलो तेव्हा इथं होतं काय? खिडकीतून बघितलं की चिखल, त्यापलीकडे खाडी, आणि वारा फिरला की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा कुजका वास. ना नाटक, ना बाजार, ना नातेवाईक. मुंबईचे पाहुणे खाडीवरच्या पुलाचं नाव काढलं तरी "एवढ्या लांब?" म्हणून मोकळे व्हायचे. अशा ठिकाणी माणसं संध्याकाळी करणार काय? जेवायची. आणि दुसऱ्यांना जेवायला घालायची.

कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईहून इकडे आला तेव्हा तर बायकांच्या उत्साहाला ऊत आला. तिथं किलोवर कुणी देत नसे, गोणीच घ्यावी लागे. मग आई, परबकाकू आणि गायकवाडकाकू मिळून एक गोणी आणायच्या आणि आमच्या हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून तिचे वाटे करायच्या. त्या वाट्यांवरून कधी भांडण झालं नाही, पण भाजी कशात चांगली लागते, खोबऱ्यात की कुटात, यावरून मात्र रोज व्हायचं. त्या भांडणाचा निकाल वाट्यांनी लागायचा. परबकाकू एक वाटी पाठवायच्या, आई एक पाठवायची, आणि वाटी परत जाताना रिकामी जायची नाही. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, घरात काही नसलं तरी चिमूटभर साखर घालून द्यायची, ही रीत तिघींच्याही गावची होती. कोकण, मराठवाडा आणि सातारा यांचं एवढ्या एकाच बाबतीत एकमत होतं.

आमचे वडील, अण्णा, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. माणूस पट्टीचा खाणारा. एका वर्षी ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली आणि अण्णांच्या रक्तात साखर निघाली. हे ऐकून आई धसकली, कारण अण्णांचे वडील त्याच दुखण्यानं गेले होते. अंगठ्याला ठेच लागल्याचं निमित्त झालं, मग अंगठा गेला, मग पाय, आणि मग ते. आईनं सून म्हणून त्यांचं सगळं केलं होतं, त्यामुळे तिला कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या सेक्टरमधले डॉक्टर भले होते. त्यांनी सांगितलं, "गोड बंद, भात कमी, तेल जपून, आणि रोज चालायला जा. बाकी काही नाही." एवढंच. हे एवढंच जर अण्णांनी ऐकलं असतं, तर मला आज लिहायला काही उरलं नसतं.

पण अण्णांना अर्धवट काही जमायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याच्या एका हॉलमध्ये कुणा निसर्गोपचारवाल्या गुरुजींचं शिबिर होतं, तिथं ते जाऊन आले आणि आले ते वेगळाच माणूस होऊन आले. चपला काढायच्या आधी दारातच त्यांनी जाहीर केलं की आजपासून या घरात मीठ, साखर आणि फोडणी बंद. "मीठ समजू शकते," आई म्हणाली, "पण फोडणीनं काय घोडं मारलंय?"

"फोडणी म्हणजे अन्नाचा खून आहे. गुरुजींनी दाखवलं. जिवंत भाजी तू उकळत्या तेलात टाकतेस. तिची किंकाळी ऐकू येते ती तुला वास वाटते!"

"अहो, मोहरी तडतडते ती. भाजी कुठं ओरडतेय?"

"आहार हेच औषध. आणि औषध कधी चवीला बघतात का?" एवढं बोलून अण्णांनी दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. ऑफिसात फाईल ताब्यात घ्यावी तसं. आईला बाहेर बसवलं. वीस वर्षं ज्या बाईनं ओट्यासमोर काढली तिला हे म्हणाले, "तू विश्रांती घे." विश्रांती! आई गॅलरीत जाऊन खाडीकडे बघत उभी राहिली. मला वाटतं माहेरी निघून जायचा विचार तिच्या मनात आला असणार, पण साताऱ्याच्या बसला वाशीहून जायचं म्हणजे आधी पूल ओलांडून उलटं मुंबईला जावं लागे. तेवढ्यानं ती थांबली असेल.

आता अण्णांचा स्वयंपाक. पहाटे उठून ते दुधी किसायचे, पाण्यात उकडायचे आणि त्याच पाण्यासकट ताटात ओतायचे. ज्वारीच्या पिठाचे मुटके वाफवायचे, ते जिभेला ओल्या खडूसारखे लागत. मोड आलेली मेथी कच्ची. कारल्याचा रस कोमट. आणि हे सगळं सावकाश चावायचं, बोलायचं नाही. आमच्या घरात जेवायच्या वेळी इतकी शांतता पूर्वी फक्त ग्रहणात असायची. मी म्हटलं, आई, तू आपल्या दोघींपुरतं वेगळं कर ना. ती माझ्यावर डाफरली. "त्यांनी समोर बसून ओला चारा खायचा आणि आपण रस्सा ओरपायचा? माझ्या घशाखाली उतरेल?" म्हणून तीही तेच खायची, मीही तेच. करावेगावची हिराबाई मासळीची पाटी घेऊन नेहमीसारखी दारात आली आणि आईनं नको म्हटल्यावर पाटी खाली ठेवून घाबऱ्या आवाजात म्हणाली, "काय गो बाय, मावरा नको? कोन गेला का घरान?" आई म्हणाली, "नाही गं, सगळे आहेत अजून." ते 'अजून' मला चांगलं आठवतं.

हल्ली माझी सून मला सीवूड्सच्या एका हॉटेलात घेऊन जाते. लाकडी वाडग्यात ज्वारी, कच्चा पाला, वर चार बिया, आणि बिल बघितलं की माझीच साखर वाढते. आजूबाजूची तरुण मंडळी त्याचे फोटो काढत असतात. मी मनात म्हणते, अरे लेकांनो, आमच्या अण्णांनी हे चाळीस वर्षांपूर्वी केलं, फक्त त्यांना वाडगा लाकडी घ्यायला पाहिजे हे सुचलं नाही.

तर असं चाललं असताना एका दुपारी दुधी उरला. उरायचाच तो. अन्न टाकणं आईच्या जिवावर यायचं, म्हणून तिनं वाटीत घालून माझ्या हाती परबकाकूंकडे पाठवला. काकूंनी झाकण उघडून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि "बरं हो" म्हणून वाटी ठेवून घेतली. संध्याकाळी त्या वाटी परत द्यायला आल्या. वाटीत काय असावं? बांगड्याचं तिखलं. लालभडक, वर त्रिफळं. आईनं दार लावलं. अण्णा यायला वेळ होता. आम्ही दोघींनी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून उरलेल्या मुटक्यांशी ते तिखलं खाल्लं आणि वाटी बोटांनी पुसून घेतली. समोर ओला चारा खाणारा नवरा नसला की रस्सा घशाखाली उतरतो, हे आईला त्या दिवशी उमगलं असावं. मग म्हणाली, "उद्या जरा मोठी वाटी ने."

आणि धंदा सुरू झाला! एक वाटी परबांकडे, एक गायकवाडांकडे, पुढे तळमजल्यावरही. दुधी जायचा आणि वांग्याचं भरीत यायचं. मेथी जायची आणि कोथिंबीरवडी यायची. एकदा कारल्याचा रस देऊन मी पुरणपोळी घेऊन आले. त्या बिचाऱ्या बायका करणार काय? आलेलं भांडं रिकामं कसं पाठवायचं? आणि अण्णांच्या हातचं जे जायचं त्याचं त्या काय करायच्या, तर बिल्डिंगीमागे एक मोकाट गाय फिरायची तिला घालायच्या. काही दिवसांनी त्या गायीनंही आमच्या बाजूला यायचं सोडलं, असं गायकवाडकाकू शपथेवर सांगायच्या.

अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसायचं की संध्याकाळपर्यंत पातेली रिकामी होतात, आणि विचारलं की आई सांगायची, शेजारणी मागून नेतात. आधी ते चकित झाले, मग फुलले. जिन्यात परबकाकू भेटल्या की विचारायचे, "काय वहिनी, कालचा दुधी कसा होता?" आता तोंडावर कोण वाईट बोलणार? काकू म्हणायच्या, "छान होता हो भावजी. अगदी हलकं वाटलं." गायकवाडकाकू म्हणायच्या, "आमचे हे तर बोटं चाटत होते." मला अण्णा विचारायचे, "तुला लागतं गं चवीला?" माझ्या पोटात नुकतंच भरीत गेलेलं असायचं. मी म्हणायचे, "एकदम मस्त!" ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघायचे आणि मान हलवून आपल्या ताटाकडे वळायचे. डोळे मिटून एक घास तोंडात घालायचे. आम्हाला वाटायचं, गुरुजींनी शिकवलेलं ध्यान असेल.

डिसेंबर संपेपर्यंत अण्णांचा शर्ट खुंटीला लावल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. माणूस गप्प झाला. पेपर उघडून एकाच पानाकडे बघत बसायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर झकास उतरली होती, पण वजन बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे जेवत नाहीयेत," ते आईला म्हणाले. "पथ्य बरोबर आहे, पण पोटात काही जात नाहीये. असंच चाललं तर रस्त्यात कुठंतरी चक्कर येऊन पडतील. यांना जेवायला घाला." आईनं तिथल्या तिथं विचारलं, "डॉक्टर, फोडणी चालेल?" डॉक्टर हसले. "चमचाभर तेलाच्या फोडणीनं मेलेला पेशंट मी बघितला नाही. मीठही थोडं चालेल, बीपी नाहीये त्यांना."

घरी येताना रस्त्यात आई अण्णांना म्हणाली, "ऐकलंत ना? उद्यापासून मी करते. पथ्याचंच करते, पण चवीचं करते." अण्णा थांबले. म्हणाले, "चवीचा प्रश्नच कुठं आहे? सगळी बिल्डिंग मागून मागून खातेय. त्यांना लागतं ना चवीला? मग माझ्यासाठी वेगळं कशाला?" आई पेचात पडली. खरं सांगावं तर वाट्यांचं सगळं बाहेर येणार, आणि सबंध बिल्डिंगीनं आपलं अन्न गायीला घातलं हे कळल्यावर या मानी माणसाचं काय होईल? न सांगावं तर तो डोळ्यांदेखत झिजतोय. त्या दिवशी आईनं वाट्या बंद केल्या. संध्याकाळी तिच्याकडे तिखलं आलं तर तिनं ते परत पाठवलं, आणि मी पहिल्यांदा तिला देवासमोर बसून रडताना बघितलं. "सासऱ्यांना दुखण्यानं नेलं," ती म्हणाली, "ह्यांना पथ्य नेणार."

त्यातच सोसायटीची मीटिंग आली. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की गच्चीवर सगळ्यांचं जेवण असायचं. विषय निघाला, यंदा जेवणात काय करायचं? अण्णा उठले आणि म्हणाले, "यंदाचं जेवण माझ्याकडे. निसर्गाहार. तुम्हाला सगळ्यांना आवडतोच आहे, मग एकदा पंगतच होऊन जाऊ दे." परबकाकूंनी गायकवाडकाकूंकडे बघितलं, त्यांनी खिडकीकडे बघितलं. विरोध कोण करणार? प्रत्येकीनं जिन्यात त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की छान होतं. सेक्रेटरींनी विचारलं, "कुणाची हरकत?" एकही हात वर गेला नाही. ठराव एकमतानं पास.

त्या सकाळी गच्चीवर स्टोव्ह मांडून अण्णांनी एकट्यानं सगळा स्वयंपाक केला. आईला हात लावू दिला नाही. झेंडावंदन झालं, पत्रावळी मांडल्या, आणि अण्णा कमरेला पंचा गुंडाळून वाढायला लागले. आता आपल्याकडची पंगत म्हणजे काय असते? वाढणाऱ्यानं आग्रह करायचा आणि बसणाऱ्यानं पानात टाकायचं नाही. अण्णांनी आग्रहाची कमाल केली. "घ्या हो गायकवाड, लाजताय काय?" म्हणून दुधीचा आणखी एक डाव. गायकवाड चेहरा हवालदारासारखा मख्ख ठेवून गिळत होते. लहान पोरांच्या पाठीत आयांचे चिमटे बसत होते. एवढ्या मोठ्या पंगतीत पाण्याचे तांबे तेवढे इकडून तिकडे फिरत होते. आई कठड्याला टेकून पदराचं टोक चावत उभी होती.

परबकाका शेवटी आले. ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फोरमन, रात्रपाळी संपवून थेट वर आलेले, भुकेनं कासावीस. त्यांच्या कानावर वाट्यांचं काही कधी गेलंच नव्हतं. बसल्या बसल्या मोठा घास घेतला आणि तो घास तोंडात तसाच ठेवून ते अण्णांकडे बघत राहिले. मग कसाबसा गिळला आणि सगळ्या गच्चीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अण्णानू, ह्यां काय रांधलास? ह्येका चव खंय हा?"

"अहो, गप्प बसा!" काकू किंचाळल्या.

"गप काय? मीठ नाय, मसालो नाय. गुरांक तरी पेंड घालतत!"

अण्णा हातात डाव घेऊन उभे. पांढरेफटक. मला वाटलं, संपलं आता. आई पुढे निघाली. पण अण्णा परबकाकांसमोर उकिडवे बसले आणि हलक्या आवाजात विचारलं, "परब, शपथेवर सांगा. खरंच चव नाही?"

"नाय म्हंजे नाय!"

अण्णा उठले आणि पंगतीतून एकेकासमोर जाऊन उभे राहिले. "गायकवाड, तुम्हाला?" गायकवाडांनी मान खाली घातली. "वहिनी, तुम्हाला?" परबकाकूंचा बांध फुटला. "चुकलं भावजी! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून छान म्हणत होते. आम्ही कुणीच खाल्लं नाही हो, गायीला घातलं!"

आणि अण्णा हसायला लागले. आधी हळू, मग गदागदा, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डाव खाली पडला. कुणाला काही कळेना. परबकाका घाबरून उठले. अण्णांनी त्यांना मिठी मारली आणि म्हणाले, "अहो, मला वाटलं माझी जीभ गेली! सगळ्या बिल्डिंगीला गोड लागतंय आणि मला एकट्यालाच शेणासारखं लागतंय. म्हटलं, साखरेनं वडिलांचा पाय नेला, माझी जीभ नेली. रात्ररात्र झोप नाही मला. हिला सांगायची सोय नव्हती, हिनं आधीच एवढं बघितलंय. आता जन्मभर चव नाही म्हणून बसलो होतो मी!" मग दोन्ही हात वर करून त्या वेड्या माणसानं सबंध गच्चीला सांगितलं, "जीभ शाबूत आहे! जेवणच भिकार आहे!"

आई थांबली नाही. बाकीचे हसत होते, कुणी डोळे पुसत होतं, ती सरळ स्टोव्हपाशी गेली. "वर आणा," एवढंच म्हणाली आणि बायका जिन्यानं धावत सुटल्या. कुणी लसूण आणला, कुणी मोहरी, कुणी कढीपत्ता, कुणी हिरव्या मिरच्या, लिंबं, दाण्याचं कूट. तेल मात्र तिनं सगळ्यांना दाखवून पळीनं मोजून घातलं. मोहरी तडतडली, लसूण लाल झाला आणि तो वास गच्चीवर असा पसरला की पोरं पत्रावळी घेऊन आपण होऊन पुढे सरकली. त्याच दुधीला, त्याच मेथीला तिनं फोडणी दिली, बेताचं मीठ घातलं, लिंबू पिळलं. मुटके तव्यावर खरपूस भाजून घेतले. साखर नाही, तुपाचा थेंब नाही. डॉक्टर समोर बसले असते तरी बोट ठेवायला जागा नव्हती.

तिनं पहिलं पान अण्णांना वाढलं. ते मांडी घालून बसले. घास तोंडात घातला आणि यावेळी डोळे मिटले नाहीत, टक्क उघडे ठेवून आईकडे बघत चावत राहिले. पान पुसून खाल्लं. सगळी पंगत त्यांच्याकडे बघतेय याचंही भान नव्हतं.

"किती तेल घातलंस गं?" त्यांनी विचारलं.

"बघितलंत ना. माणशी चमचाभर."

"एवढ्यानं अशी चव येते? बाकी काय घातलंस?"

"बाकी राग," आई म्हणाली. "दिवाळीपासूनचा."

अण्णांनी पत्रावळ पुढे सरकवली. "अजून शिल्लक आहे?"

"पातेलंभर आहे."

"मग वाढ."